थोडेच होते

वंशावळ सांगताना प्रत्येक माणूस थोडाफार संपादक होतो. कोण गावचा पाटील होता, कोणी विहीर बांधली, कोणी देवळापुढे दीपमाळ उभारली, हे पिढ्यान्‌पिढ्या टिकते. कोणी कोणाची जमीन लिहून घेतली, कोणाच्या डोक्यावर कर्ज चढवले, हे दुसऱ्या पिढीतच गळून जाते. अमेरिकेच्या दक्षिणेतील राज्यांत ज्यांची घराणी दोन-अडीचशे वर्षे नांदली त्यांच्या घरगुती इतिहासातही अशी गळती आढळते, आणि ती जिथे उघडी पडते तिथे एक ठरलेले वाक्य बुचासारखे बसवलेले असते. ‘हो, आमचे पूर्वज गुलाम बाळगून होते; पण थोडेच होते.’ या ‘थोडेच’ शब्दाविषयी मला लिहायचे आहे.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी लग्नानंतर व्हर्जिनियात स्थायिक झाली. तिच्या सासूबाई, म्हणजे नात्याने आमच्या विहीणबाई, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. २०२३च्या उन्हाळ्यात मी महिनाभर बहिणीकडे राहिले, तेव्हा त्या आपल्या सात पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा माग काढीत होत्या. हा पुरुष शेतकरी. तंबाखू आणि मका पिकवणारा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हर्जिनियाच्या दक्षिण भागात थोडी जमीन घेऊन राहिलेला. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून त्याचे आणि त्याच्या काउंटीचे नाव मी इथे देत नाही. मला मोडी वाचायची सवय आहे, हे भाचीने सासूबाईंना सांगितले होते. जुन्या हस्ताक्षरांना न घाबरणारा कोणीतरी त्यांना हवाच होता. ‘आकडे मी पाहते, शब्द तुम्ही पाहा,’ असे म्हणून त्यांनी मला शेजारी बसवून घेतले. त्या महिन्यात जे वाचले त्यातून हा लेख लिहिते आहे.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका. व्हर्जिनियात तिचे न्यायालय म्हणजे महसूल, वारसा, कर्जे, रस्ते, अनाथ मुले अशा सगळ्या कारभाराचे ठिकाण होते. पूर्व किनाऱ्यावरील नॉर्थॅम्प्टन काउंटीच्या न्यायालयाच्या नोंदी १६३२पासून सलग उपलब्ध आहेत. अमेरिकेत याहून जुनी अखंड मालिका नाही. उलट काही काउंट्यांनी यादवी युद्धाच्या काळात सुरक्षिततेसाठी आपली दप्तरे रिचमंडला पाठवली आणि एप्रिल १८६५मधील तिथल्या आगीत ती जळून गेली. १७९० आणि १८०० या पहिल्या दोन जनगणनांच्या व्हर्जिनियातील याद्याही जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या आहेत. आमच्या शेतकऱ्याची काउंटी मात्र दप्तराच्या बाबतीत सुदैवी. तिच्या नोंदवह्यांच्या सूक्ष्मफिती रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात पाहता येतात आणि मूळ वह्या अजूनही तिच्या न्यायालयाच्या कोठडीत आहेत.

मोठ्या जमीनदारांची गोष्ट निराळी. एडवर्ड बॉल यांच्या ‘स्लेव्हज इन द फॅमिली’ (१९९८) या पुस्तकात त्यांनी आपल्या दक्षिण कॅरोलिनातील घराण्याचा शोध घेतला आहे. भातशेतीवर श्रीमंत झालेल्या त्या घराण्याने पत्रे, हिशेब, गुलामांच्या जन्मनोंदी असे कागद स्वतःच जपून ठेवले होते. १७५६ साली विकत घेतलेल्या प्रिसिला नावाच्या दहा वर्षांच्या मुलीपासून तिच्या आजच्या वंशजांपर्यंतची साखळी जोडता आली ती अशा कागदांच्या बळावर. छोटा शेतकरी असे काही मागे ठेवीत नाही. त्याच्यापाशी रोजनिशी नसते, पत्रव्यवहार नसतो. तो कर भरतो, कर्ज काढतो आणि मरतो. या तीन प्रसंगी काउंटी त्याच्याविषयी लिहिते. त्याचे आपल्याला होणारे दर्शन हे कारकुनाने घडवलेले दर्शन असते.

विहीणबाईंच्या एका मामांनी १९७०च्या दशकात टंकलिखित स्वरूपात घराण्याचा इतिहास काढला होता. त्यात या शेतकऱ्याला दीड पान आहे. कष्टाळू, देवभीरू, स्वातंत्र्ययुद्धात देशाच्या उपयोगी पडलेला. यांतले शेवटचे विशेषण अगदीच निराधार नाही. युद्धकाळात लष्कराला मांस, धान्य किंवा चारा पुरवलेल्या लोकांचे दावे १७८०च्या दशकाच्या आरंभी काउंटी न्यायालयांनी नोंदवून घेतले. त्यांत गोमांस पुरवल्याबद्दल याचेही नाव आहे. मामांनी ती नोंद शोधून काढली, तिची प्रत चिकटवली. गुलामांविषयी त्यांचे एकच वाक्य आहे, आणि ते कोणते हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

आम्ही करयाद्यांपासून आरंभ केला. व्हर्जिनियात १७८२पासून जंगम मालमत्तेवर दरसाल कर बसे. आपल्या सातबाऱ्यावर जसे पीक आणि बोजा एका दृष्टिक्षेपात दिसतात, तसे या यादीच्या एका ओळीत एक घर दिसते. आधी कुटुंबप्रमुखाचे नाव, पुढे करपात्र गोरे पुरुष, मग सोळा वर्षांवरील गुलाम, बारा ते सोळा वयाचे गुलाम, मग घोडे. सुरुवातीच्या वर्षांत गुरांचाही रकाना होता, आणि अनेक काउंट्यांत गुलामांची नावेही लिहिलेली आढळतात. पुढे नावे गेली, आकडे राहिले. आमच्या शेतकऱ्याच्या ओळीत आधी एक, मग दोन, मग बरीच वर्षे तीन असा आकडा आहे. मामांचे ‘थोडेच’ बहुधा इथून आले असावे.

पण बारा वर्षांखालचे मूल करपात्र नव्हते, म्हणून ते यादीत येत नाही. विहीणबाईंनी सगळ्या वर्षांचे तक्ते मांडले. एखाद्या वर्षी खरेदीखत नसताना बारा वर्षांवरील रकान्यात एकाची भर पडली, की बारा वर्षे मागे जाऊन त्या एका जन्माची नोंद करायची. १८२०च्या जनगणनेत गुलामांचे वयोगट दिले आहेत: चौदा वर्षांखालील, चौदा ते सव्वीस, सव्वीस ते पंचेचाळीस, पंचेचाळीसच्या वरचे. त्या आकड्यांतून करयादीतील आकडे वजा केले, की उरतात ती मुले. एखादे माणूस जगात आले हे त्याच्यावर कर लागू झाल्यावर कळते. इतकी वर्षे वर्गात शोकात्म साहित्य शिकवूनही मला त्या वजाबाकीइतके स्तब्ध करणारे फारसे काही वाचल्याचे आठवत नाही.

१८२०च्या दशकात शेतकरी वारला. त्याचे मृत्युपत्र दोन पानांचे आहे, आणि इथे माझे काम सुरू झाले. त्यात सहा माणसे आहेत: एक वृद्ध स्त्री, एक पुरुष, एक तरुण स्त्री आणि तिची तान्ही मुलगी, सुमारे दहा वर्षांची एक मुलगी, आणि तिच्याहून लहान एक मुलगा. सहाही जणांची नावे आहेत, फक्त पहिली नावे. ती मी इथे देत नाही. त्यांचे वंशज आज कुठेतरी असतील, आणि त्या नावांची पहिली वार्ता त्यांना माझ्या लेखातून कळावी असे मला वाटत नाही.

मृत्युपत्राची भाषा सभ्य, धार्मिक आणि काटेकोर आहे. पुरुष थोरल्या मुलाला ‘दिला’. दहा वर्षांची मुलगी टेनेसीला जाऊन राहिलेल्या विवाहित लेकीला ‘दिली’. मुलगा धाकट्या मुलाला ‘दिला’. पण तान्ह्या लेकीसह तरुण स्त्रीविषयी क्रियापद बदलते. ती पत्नीला हयातीपुरती ‘उसनी’ दिली आहे. उसनी द्यायची म्हणजे पत्नीने पुनर्विवाह केला किंवा ती वारली, तर मालमत्ता घराबाहेर जाऊ नये. त्या काळच्या व्हर्जिनियातील मृत्युपत्रांत हे क्रियापद नेहमीचे आहे. विधवेच्या हयातीपुरत्या हक्काचा हा मामला किती कठीण असे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फेअरफॅक्स काउंटीच्या दप्तरात आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९९च्या मृत्युपत्राने आपल्या मालकीच्या १२३ माणसांच्या मुक्ततेची तरतूद केली. पण माउंट व्हर्ननवरील आणखी १५३ माणसे मार्था यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीतून हयातीपुरत्या हक्काने आलेली होती, आणि त्यांना मुक्त करण्याचा अधिकार पती-पत्नींपैकी कोणालाच नव्हता. दोन्ही गटांतील माणसांनी आपापसांत लग्ने केलेली होती. एकाच घरातील काही मुक्त झाली, काही वारसांकडे गेली.

उसन्या दिलेल्या त्या स्त्रीच्या नावापुढे आणखी एक शब्द आहे: ‘इनक्रीज’. ती, आणि तिची वाढ. म्हणजे तिला यापुढे जी मुले होतील तीसुद्धा. याला मराठी शब्द शोधताना मी ‘वाढ’, ‘वाढावा’, ‘संतती’ असे करीत शेवटी ‘पैदास’ या शब्दापाशी थांबले, कारण त्याच मृत्युपत्रात एक ओळ खाली गाईच्या संदर्भातही तोच इंग्रजी शब्द योजलेला आहे. आईची अवस्था तीच मुलाची अवस्था, हा कायदा व्हर्जिनियाने १६६२ सालीच केला होता. तेव्हापासून बापाची नोंद करण्याचे कारण कागदाला उरले नाही. ज्यांचा जन्म व्हायचा आहे त्यांची वाटणी एका वाक्यात उरकली आहे: पत्नीच्या पश्चात ती स्त्री व तिची पैदास पाचही मुलांत समान वाटावी.

वृद्ध स्त्रीविषयीची तरतूद मामांना ठाऊक असती तर त्यांनी ती आनंदाने उद्धृत केली असती. आपल्या मुलांपैकी ज्याच्याकडे तिला राहावेसे वाटेल त्याच्याकडे तिने राहावे, असे शेतकऱ्याने लिहिले आहे. वाचताना बरे वाटते. मग मालमत्तेची मोजदाद येते. न्यायालयाने नेमलेले शेजारचे तीन शेतकरी घरी आले, त्यांनी सगळे पाहून किंमत मांडली. नांगर, कुदळी, मधमाश्यांची पेटी, पिसांची गादी, एक जुने बायबल, घोडे, डुकरे आणि ती सहा माणसे एकाच स्तंभात आहेत. यादीत एकही क्रियापद नाही. तान्ह्या मुलीसह आईची किंमत घरच्या सगळ्या घोड्यांच्या एकत्रित किमतीहून अधिक आहे. वृद्ध स्त्रीपुढे शून्य आहे. निवड करण्याचे स्वातंत्र्य तिला मिळाले ते तिची किंमत शून्य झाल्यावर.

इथे ‘त्या काळी सगळेच तसे होते’ हे दुसरे बूच पुढे येते. त्याचे उत्तरही दप्तरातच आहे. १७८२ साली व्हर्जिनियाने मालकांना स्वतःच्या इच्छेने गुलाम मुक्त करण्याची मुभा दिली. १७९१ साली रॉबर्ट कार्टर या बड्या जमीनदाराने साडेचारशेहून अधिक माणसांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याचे खत नोंदवले. क्वेकर आणि मेथडिस्ट पंथांच्या अनेक साध्या शेतकऱ्यांनीही त्या काळात अशी खते केली. १८०६ साली कायदा कडक झाला आणि मुक्त झालेल्याने बारा महिन्यांत राज्य सोडावे अशी अट आली. म्हणजे आमच्या शेतकऱ्याला चोवीस वर्षे तुलनेने मोकळी वाट उपलब्ध होती, आणि तिच्यावरून चाललेल्या माणसांची खते त्याच्याच काउंटीच्या वहीत आहेत. हे वाचून विहीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या खतांची पाने टिपून घेतली.

आता ‘थोडेच’ या शब्दाकडे वळू. त्याच्यामागे एक अध्याहृत तर्क आहे: गुलामांची संख्या कमी, म्हणून पाप कमी, आणि छोट्या शेतावर मालक स्वतः नांगर धरायचा, एका भांड्यातले खायचा, म्हणून जिव्हाळा अधिक. संख्येपुरते बोलायचे तर ‘थोडेच’ बाळगणे हा अपवाद नव्हता. १८६०च्या जनगणनेत सुमारे चार लाख गुलाममालक होते आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांकडे पाचांहून कमी माणसे होती. अर्थात या व्यवस्थेचे बळ या असंख्य ‘थोडक्यां’तच होते. पण मला अधिक महत्त्वाचे वाटले ते दप्तरात दिसणारे गणित. सहा माणसे आणि पाच वारस. शंभर माणसांच्या मळ्यावर मालक मेला तर वाटणीत एखादे कुटुंब एकत्र राहण्याची शक्यता तरी असते. सहांची वाटणी पाचांत करायची म्हणजे कुटुंब मोडलेच पाहिजे. त्यासाठी मालकाने दुष्ट असण्याची गरज नाही, त्याने आपल्या लेकरांवर सारखी माया केली की पुरे. दहा वर्षांची मुलगी टेनेसीला गेली ती एका बापाच्या वात्सल्यामुळे.

छोटेपणाचा आणखी एक परिणाम असा की, त्या स्त्रीचा नवरा या दप्तरात नाही. इतक्या लहान शेतावरच्या माणसांची लग्ने बहुधा शेजारच्या शेतावरील माणसांशी होत. म्हणजे नवरा दुसऱ्या कोणाच्या तरी करयादीतील एक आकडा असणार, आणि त्या दुसऱ्याचे कर्ज किंवा मरण त्याला कुठेही नेऊ शकत होते. शिवाय थोडी माणसे बाळगणाऱ्याला वर्षभर सगळ्यांना पुरेल इतके काम नसे, तेव्हा ती दुसऱ्यांना वर्षाच्या बोलीने भाड्याने दिली जात. हे करार सहसा १ जानेवारीला होत. गुलाम माणसांच्या बोलीत त्या दिवसाला ‘हार्टब्रेक डे’ असे नाव होते. नववर्षदिनाला असे नाव पडणे हा एका भाषेतला छोटा इतिहासच आहे.

विधवा पंधरा-सोळा वर्षे जगली. तिच्या मरणानंतर भावंडांत तंटा झाला आणि मामला इक्विटी न्यायालयात गेला. एव्हाना त्या स्त्रीला आणखी तीन मुले झालेली होती. ‘पैदास’ या शब्दाने ज्यांची आधीच सोय लावून ठेवली होती ती ही मुले. न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांचा अहवाल चार ओळींचा आहे: या मालमत्तेचे सारखे पाच भाग प्रत्यक्ष पाडता येत नाहीत, सबब विक्री करून रक्कम वाटावी. पाच माणसे, पाच वारस. पण किमती सारख्या नाहीत, म्हणून भाग पडत नाहीत. न्यायालयाच्या दारात लिलाव झाला. आई आणि सर्वांत धाकटे मूल एकाने घेतले. तान्ह्या वयात यादीत आलेली, आता वयात आलेली ती मुलगी शेतकऱ्याच्या धाकट्या मुलाने घेतली. मधल्या दोघांच्या नावांपुढे ज्याची सही आहे तो माणूस काउंटीतला नव्हता. विहीणबाईंच्या मते तो व्यापारी असावा. त्या दोघांचा माग तिथे संपतो.

साहित्याच्या माणसाला अशा ठिकाणी कथा दिसू लागते. लिलावाच्या आदल्या रात्री ती आई काय बोलली असेल, हे लिहायला हात शिवशिवतात. एडवर्ड पी. जोन्स यांनी ‘द नोन वर्ल्ड’ (२००३) या कादंबरीत व्हर्जिनियातील एक काल्पनिक काउंटी उभी केली आणि तिची नोंदपत्रेही इतकी विश्वसनीय कल्पिली की वाचकाला ती खरी वाटावीत. सैदिया हार्टमन यांनी ‘व्हीनस इन टू ॲक्ट्स’ (२००८) या निबंधात नेमका हाच पेच मांडला आहे: दप्तराने ज्यांना फक्त वस्तू म्हणून नोंदवले त्यांची कथा त्या दप्तराच्या आधारे सांगावी कशी, आणि सांगताना त्यांच्यावर पुन्हा अन्याय होऊ नये तो कसा? मी हे विहीणबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, ‘तुमचे साहित्यिक लिहोत, त्यांचे ते काम आहे. माझ्या घराण्याने त्या बाईची मुले घेतली. तिच्या मनातले बोलही मीच लिहू काय?’ मला हे उत्तर समीक्षेच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगे वाटले. कल्पनाशक्तीचा अधिकार सर्वांना सारखा नसतो. मारेकऱ्याच्या वारसाने आधी हिशेब द्यायचा असतो. कथा मागाहून, आणि शक्यतो दुसऱ्या कोणी.

आपण मराठी वाचक हे सगळे दुरून, थोड्याशा सोयीस्कर अंतरावरून वाचतो. अमेरिकेतील गुलामगिरीशी आपला वाङ्मयीन संबंध जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेपासून सुरू होतो. १८७३ साली जोतीरावांनी ते पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केले, ते आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या अपेक्षेने. वर्गात ती अर्पणपत्रिका शिकवताना आपण सहजच त्या सत्पुरुषांच्या रांगेत उभे राहतो. पण गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिश्यांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. ‘कुणबीण’ म्हणजे दप्तरी भाषेत विकत घेतलेली दासी. कंपनी सरकारच्या न्यायालयांनी १८४३च्या पाचव्या कायद्याने गुलामीला मान्यता देणे थांबवले, तोवर हा व्यवहार कायदेशीर होता. व्हर्जिनियातील मळे आणि पुण्यातील वाडे यांना एका तागडीत टाकण्याचा माझा हेतू नाही. दोन्हींचे अर्थकारण आणि आकारमान फार भिन्न होते. साम्य आहे ते नंतरच्या पिढ्यांच्या बोलण्यात. ‘घरच्यासारखी वागवीत’ हे वाक्य मी दोन्ही भाषांत ऐकले आहे. घरच्या माणसाविषयी असे वाक्य कोणी उच्चारत नाही, एवढे व्याकरण तरी आपल्याला कळायला हवे.

या शोधातील शेवटचा कागद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८५० आणि १८६० सालच्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळ्या याद्या केल्या गेल्या. त्यांत मालकाचे नाव आहे, आणि त्याखाली बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि वर्ण. म्हणूनच १८७०ची जनगणना, जिच्यात सर्व कृष्णवर्णीय नागरिक प्रथमच नावानिशी आले, ही त्यांच्या वंशजांच्या शोधात भिंतीसारखी आडवी येते. पण व्हर्जिनियातील मोजक्या काउंट्यांत त्या भिंतीला एक खिडकी आहे. २७ फेब्रुवारी १८६६च्या कायद्याने, पती-पत्नी म्हणून एकत्र राहणाऱ्या मुक्त झालेल्या जोडप्यांचे विवाह वैध ठरले, आणि फ्रीडमेन्स ब्युरोच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या नोंदवह्या केल्या. पतीचे नाव, वय, जन्मस्थान, व्यवसाय, पत्नीचेही तसेच, मुलांची नावे आणि वये. त्यांतच एक रकाना आहे: शेवटचा मालक.

आमच्या काउंटीच्या वहीत एकेचाळीस वर्षांची एक स्त्री आहे. मोजदादीतल्या त्या तान्ह्या मुलीचेच नाव, तेच जन्मस्थान, आणि वय जुळणारे. शेवटचा मालक या रकान्यात शेतकऱ्याच्या नातवाचे नाव आहे. विहीणबाईंनी आपल्या वहीत तिच्यापुढे पेन्सिलीने ‘बहुधा’ असे लिहिले आहे आणि तो शब्द खोडायला त्या तयार नाहीत. तिने आणि तिच्या पतीने घेतलेले आडनाव शेतकऱ्याचे नाही, दुसरेच आहे. तिच्याबरोबर पाच मुले आहेत. पंचेचाळीस वर्षे चाललेल्या कागदांत प्रथमच ती ओळ झाली आहे, आणि मालक रकाना.

भाचीच्या मुलीला, म्हणजे विहीणबाईंच्या नातीला, त्या वर्षी शाळेत आपला वंशवृक्ष काढून न्यायचा होता. आजीने तिला शेतकऱ्याच्या चौकटीत त्याचे नाव, त्याची जमीन, लष्कराला पुरवलेले मांस, हे सगळे लिहायला सांगितले. आणि शेजारी सहा नावे, प्रत्येकापुढे ते माणूस कुठे गेले ते. भाचीला थोडी धाकधूक होती, नऊ वर्षांच्या मुलीला हे कशाला म्हणून. पण तिनेच पुढे शांतपणे आणखी एक प्रश्न काढला: आपल्या बाजूचे काय लिहायचे? आमच्या आजोळच्या घराण्यात मोडी कागदांचे दोन रुमाल आहेत. ते अजून कोणी वाचलेले नाहीत. परत आल्यावर ते मी मागवून घेतले आहेत आणि सुट्टीच्या दिवशी थोडे थोडे वाचते. बहुतेक कागद जमिनीच्या वादाचे आहेत. त्यांत काय निघेल ते निघो. एवढे मात्र ठरवले आहे की, एखादी व्यक्ती आढळली तर तिचे नाव आधी लिहायचे, आणि संख्या लिहायची वेळ आलीच तर तिच्यामागे ‘थोडेच’ हा शब्द लावायचा नाही.